डिस्चार्जच्या तारखेआधी: नळ्यांवर जगणाऱ्या मुलाला घरी पोचवण्याचा पाठपुरावा

डिस्चार्जची तारीख बहुतेक वेळा राऊंडमध्ये ठरते, खाटेपासून दहा पावलांवर, आणि आईवडिलांना ती सगळ्यांत शेवटी कळते. गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची नळी (श्वासासाठी गळ्याला पाडलेल्या छिद्रातली), पोटावर थेट जठरात अन्न देण्याचं बटण, रात्री व्हेंटिलेटर, दहा-बारा औषधं आणि पाच-सहा विभागांच्या पुढच्या तारखा, असं मूल घरी जायला निघतं तेव्हा नर्सच्या हातात फार तर काही आठवडे असतात. ते आठवडे कसे वापरायचे, काम कुठे अडतं आणि का अडतं, हे आम्ही वॉर्डात करत आलो त्या क्रमाने इथे लिहीत आहोत.

प्रत्येक विभागाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं. छातीचे डॉक्टर नेब्युलायझर वाढवतात, मेंदूविकाराचे डॉक्टर आकडीचं औषध वाढवतात, आहारतज्ज्ञ फीड, म्हणजे बटणातून द्यायचं पातळ अन्न, वाढवतात. या सगळ्याची बेरीज एका घरावर पडते आणि ती बेरीज कुणी केलेलीच नसते. ती करायची, घराला झेपत नसेल तर तसं राऊंडमध्ये सांगायचं आणि उत्तर मिळेपर्यंत सोडायचं नाही, यालाच आम्ही पाठपुरावा म्हणतो. त्यासाठी आवाज लागतो, पण आवाजाच्या आधी आकडे लागतात आणि ते वेळेवर लिहिलेले असावे लागतात.

आधी मुलाचा बरा दिवस लिहून घ्या

प्रशिक्षण नंतर. पहिल्या बैठकीत आईवडिलांना एकच गोष्ट विचारायची: मूल बरं असतं तेव्हा ते कसं असतं? शांत झोपेत नाडीचे ठोके किती, ऑक्सिजन किती टक्के, दिवसातून सक्शन (नळीतला स्राव यंत्राने ओढून काढणं) किती वेळा, स्राव पातळ की चिकट, रंग कोणता, नेहमीची आकडी कशी दिसते आणि किती सेकंद चालते, हातपाय किती कडक असतात, शौच किती दिवसांनी होते, आनंद झाला की मूल काय करतं. हे सगळं एका पानावर, आईवडिलांच्याच शब्दांत उतरवायचं आणि चार्टच्या पहिल्या पानावर लावायचं.

याचं कारण साधं आहे. काही जन्मजात हृदयविकारांत ८२ टक्के ऑक्सिजन हा मुलाचा रोजचा आकडा असू शकतो, आणि नेहमी ९८ वर असणारं मूल ९३ वर आलं तर ते आजारी असू शकतं. रात्री ड्यूटीवर आलेल्या नव्या डॉक्टरांसमोर फक्त पुस्तकातली मर्यादा असते. बऱ्या दिवसाचे आकडे समोर नसले की आईचं "आज हा वेगळा वाटतोय" हे वाक्य हवेत विरून जातं.

वेदनेचंही असंच होतं. ट्रॅकिऑस्टॉमी असलेलं मूल रडलं तरी बहुधा आवाज येत नाही, कारण हवा स्वरयंत्राच्या खालूनच बाहेर पडते. नवीन सिस्टरला हे पहिल्याच दिवशी सांगावं लागतं: या खोलीतली शांतता म्हणजे मूल शांत आहे असं समजू नका. बोलू न शकणाऱ्या मुलांची वेदना मोजायला फ्लॅक ही पट्टी आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत पटणं या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. तिच्या सुधारित आवृत्तीत पालकांनी सांगितलेल्या मुलाच्या खास खुणा त्या त्या रकान्यात लिहिता येतात. एखादं मूल दुखत असताना डोळे गच्च मिटतं, एखादं अचानक अगदी स्तब्ध होतं, एखादं चक्क हसल्यासारखं तोंड करतं. अशी खूण लिहिलेली नसेल तर त्याला शून्य गुण मिळतात आणि पॅरासिटामॉलसुद्धा मिळत नाही.

"तो असाच असतो, त्याच्या आजारामुळे" हे उत्तर आम्ही ऐकून सोडून देत नाही. बेचैनीचं कारण मिळेपर्यंत एक यादी डॉक्टरांसोबत डोक्यापासून पायापर्यंत तपासायची. व्हीपी शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी पोटात उतरवणारी नळी) असेल तर तो बंद पडला आहे का? डोळ्याच्या बुब्बुळावर ओरखडा, कान, दाढा. पोटात गॅस किंवा बद्धकोष्ठता, बटणाभोवतीची त्वचा. टोपिरामेट हे आकडीचं औषध किंवा केटोजेनिक आहार (आकडीसाठीचा, भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी साखर-पिष्टाचा) चालू असेल तर मूतखडा. मुलग्यांमध्ये वृषणाला पीळ. खुब्याचा सांधा निखळत चालला आहे का? चालू न शकणाऱ्या मुलांची हाडं ठिसूळ असतात, कपडे बदलतानाही मोडू शकतात, म्हणून प्रत्येक हातपाय दाबून, हलवून बघायचा. बोटांना केस गुंडाळला गेला आहे का, हेही. ही यादी हाताशी असली की "काहीतरी दुखतंय" या तक्रारीचं तपासणीत रूपांतर होतं.

दोन माणसं, आणि दोघांनाही सगळं

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने घरच्या व्हेंटिलेटरवरच्या मुलांसाठी २०१६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: घरातली किमान दोन माणसं पूर्ण शिकलेली हवीत, आणि मुलाजवळ कायम कुणीतरी प्रशिक्षित आणि जागं असायला हवं. पहिली अट सगळे पाळतात. दुसरी वाचून पुढे जातात.

आम्ही डिस्चार्जच्या बैठकीत दुसऱ्या अटीचा हिशेब फळ्यावर मांडतो. आठवड्याचे तास १६८. दोन माणसांचे मिळून ३३६. दोघांनी रोज सात तास झोपायचं म्हटलं तर ९८ तास गेले, उरले २३८. त्यातले १६८ मुलाच्या खाटेशी. बाकी राहिले ७०, म्हणजे माणशी ३५ तास, आणि त्यातच नोकरी, प्रवास, स्वयंपाक, औषधं आणणं, दुसरं मूल, स्वतःची आंघोळ. पूर्ण वेळची नोकरी यात बसत नाही, हे कुणालाही दिसतं. "आईवडील थकतील" असं म्हटल्यावर बैठकीत माना डोलतात. हा हिशेब मांडल्यावर रात्रीच्या घरगुती नर्सिंगच्या तासांवर बोलणं सुरू होतं. मंजुरीच्या अर्जातही आम्ही विशेषणांऐवजी हेच आकडे लिहितो, सोबत सात दिवसांची सक्शनची नोंद जोडतो: किती वाजता, किती वेळा, त्यातली रात्री ११ ते सकाळी ६ दरम्यानची किती. अर्ज नामंजूर झाला तर कारण लेखी मागायचं आणि फेरविचाराची मुदत त्याच दिवशी कॅलेंडरवर टाकायची. मुदत चुकल्यामुळे हातचे गेलेले तास परत मिळवणं फार अवघड जातं.

शिकवताना क्रम ठरलेला असतो. आधी बघणं, मग बाहुलीवर, मग मुलावर आमच्या हाताखाली, मग आम्ही हात मागे बांधून. प्रत्येक कौशल्यानंतर "समजलं का?" विचारायचं नाही, कारण उत्तर नेहमी "हो" येतं. "आता तुम्ही मला शिकवा" म्हणायचं. जिथे त्यांचं सांगणं अडखळतं तिथे आमचं शिकवणं कमी पडलेलं असतं.

सक्शनमध्ये सर्वाधिक चुका खोलीच्या होतात. कॅथेटर, म्हणजे स्राव ओढणारी बारीक नळी, किती आत घालायचा हे आधी तशाच सुट्या नळीवर मोजून ठरवायचं: नळीच्या टोकापर्यंत, फार तर अर्धा सेंटिमीटर पुढे. तो आकडा खाटेच्या डोक्याशी चिकटवायचा. अडेपर्यंत आत ढकलण्याची सवय लागली की श्वासनळीचं अस्तर सोलवटतं, रक्त येतं, आणि पुढे तिथे मांस वाढून वाट अरुंद होऊ शकते. कॅथेटरचा फ्रेंच आकडा (त्याच्या जाडीचं माप) नळीच्या मिलिमीटरमधल्या आतल्या व्यासाच्या साधारण दुप्पट: ४ मिलिमीटरच्या नळीला ८ फ्रेंच. दाब ८० ते १२० मिलिमीटर पारा, लहान बाळांना त्याहून कमी. एक फेरी दहा सेकंदांच्या आत. दर वेळी सलाइन टाकायची गरज नाही. स्राव घट्ट झाला असेल तर आधी ओलावा बघायचा. नाकाचं काम करणारा फिल्टर, ज्याला आम्ही एचएमई म्हणतो, रोज बदलला जातो का? स्रावाने भिजलेल्या एचएमईतून श्वास ओढायला मुलाला जास्त जोर लावावा लागतो. गरम पाण्याचा ह्युमिडिफायर चालू असताना एचएमई लावायचा नाही, तो भिजून बंद होतो.

लहान मुलांच्या बहुतेक नळ्यांत काढून धुण्याजोगी आतली नळी नसते, कारण तेवढी जागाच नसते. म्हणून मोठ्यांपेक्षा त्या लवकर तुंबतात, आणि तुंबल्या की पूर्ण नळीच बदलावी लागते. आईवडिलांच्या हाताला हे वळण न विचार करता लागलेलं असावं: कॅथेटर आत जात नाही, तर थांबायचं नाही, नळी काढायची आणि त्याच मापाची नवी घालायची. ती जात नसेल तर अर्धा माप लहान, म्हणजे ४ ऐवजी ३.५. तीही जात नसेल तर लहान नळीतून सक्शन कॅथेटर ओवून आधी कॅथेटर छिद्रात, मग त्यावरून नळी सरकवायची. तेही जमलं नाही तर वरचा मार्ग (नाकातोंडापासून येणारी श्वासाची वाट) मोकळा असलेल्या मुलाला छिद्रावर बोट दाबून तोंडानाकावरून अॅम्बू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), आणि वरचा मार्ग बंद असलेल्याला छिद्रावरूनच. या दोन प्रकारच्या मुलांतला फरक सगळ्यांना माहीत असतो असं आपण गृहीत धरतो, आणि नेमक्या रात्री तो माहीत नसलेलं माणूस समोर येतं. ब्रिटनच्या नॅशनल ट्रॅकिऑस्टॉमी सेफ्टी प्रोजेक्टने यासाठी खाटेच्या डोक्याशी लावायचे फलक तयार केले. आमच्याकडे तो कागद मुलासोबत घरी जातो आणि घरच्या खाटेलाही लागतो.

नळी बदलताना खांद्याखाली गुंडाळी, पाण्यात विरघळणारं वंगण, आणि नळी आत सरकवण्यासाठी तिच्यात घातलेली दांडी नळी बसताक्षणी बाहेर. दांडी आत राहिली तर नळी बसूनही श्वास बंदच असतो. शिकाऊ हातांकडून घाईत हे घडतं, म्हणून आम्ही ते मोठ्याने बोलायला लावतो: "नळी आत, दांडी बाहेर." पोट भरलेलं असताना नळी बदलायची नाही. नळी गळ्याशी धरून ठेवणारी फीत बदलताना दोन माणसं हवीतच. आमच्या अनुभवात नळी अपघाताने निघते ती फीत बदलताना, आंघोळीत आणि उचलून गाडीत बसवताना. फीत किती घट्ट हे मान पुढे झुकवून बघायचं, एक बोट जेमतेम जावं. मान मागे असताना बरोबर वाटणारी फीत मूल बसलं की सैल पडते.

नळीवर लावायची बोलण्याची झडप मिळाल्यावर घरात आनंद असतो, आणि त्याच दिवशी एक गोष्ट पक्की करायची: नळीला कफ (श्वासनळीत नळीभोवती फुगणारा फुगा) असेल तर तो पूर्ण रिकामा केल्याशिवाय झडप लावायची नाही. झडपेतून हवा आत जाते, बाहेर मात्र वरच्या मार्गानेच यावी लागते. कफ फुगलेला असला तर तिला वाटच राहत नाही.

चौदा वेळांचं वेळापत्रक

कागदावर औषधं "दर सहा तासांनी", "दर आठ तासांनी" अशी येतात आणि वाचायला निरुपद्रवी वाटतात. एक नमुना घ्या. सहा तासांचं औषध ६, १२, ६, १२ ला. आठ तासांचं सकाळी ६, दुपारी २, रात्री १० ला. दोनदाचं सकाळी आणि रात्री ८ ला. नेब्युलायझर दर चार तासांनी, सकाळी ६ पासून. फीड दर तीन तासांनी, तेही ६ पासून. सगळं घड्याळावर मांडलं तर दिवसातून चौदा वेगवेगळ्या वेळा होतात, आणि त्यातल्या मध्यरात्री १२, पहाटे २ आणि ३ या वेळांनी कुणालाच सलग झोप मिळत नाही.

हे घड्याळ काढून आम्ही फार्मासिस्ट, आहारतज्ज्ञ आणि डॉक्टर यांच्यासमोर एकाच वेळी ठेवतो. प्रश्न एवढाच: यातलं काय हलवता येईल? दोनदाचं औषध ६ आणि ६ ला चालेल का? सहा तासांच्या औषधाचा दुसरा प्रकार किंवा दिवसातून तीनदाचा डोस शक्य आहे का? स्थिर मुलाला नेब्युलायझर आठ तासांनी पुरेल का? रात्रीचं फीड १० ते ६ पंपाने हळूहळू देता येईल का, म्हणजे दिवसा ६, १०, २ आणि ६ एवढीच राहतील? चारही उत्तरं "हो" आली तर चौदाच्या पाच वेळा होतात. एखादं उत्तर "नाही" येतं, आणि त्याला वैद्यकीय कारण असतं तेव्हा ते कारण आईवडिलांना कळायला हवं. बरेचदा मात्र कारण एवढंच निघतं की त्या वेळा वॉर्डाच्या सोयीने पडल्या होत्या.

मात्रेच्या बऱ्याच चुका मिलिग्रॅम आणि मिलिलिटर यांच्या गोंधळातून होतात. ६० मिलिग्रॅमचा डोस २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या सिरपचा ३ मिलिलिटर आणि ४० च्या सिरपचा दीड मिलिलिटर. वॉर्डातली बाटली एका तीव्रतेची, बाहेरची दुसरीच, आणि आईच्या डोक्यात "तीन" पक्कं बसलेलं. म्हणून यादीत तीन रकाने: मिलिग्रॅम, बाटलीवरची तीव्रता, मिलिलिटर. बाटली बदलली की फोन करायचा, अंदाज करायचा नाही. आकड्यापुढे दशांश शून्य लिहायचा नाही, ५.० चे ५० वाचले जातात. आणि एकापेक्षा कमी आकड्याआधी शून्य लिहायचाच, नाहीतर .५ चे ५ होतात. सिरिंजवर रंगीत टेपने रेघ मारून द्यायची. पोटातल्या नळीसाठी वेगळ्या जोडणीच्या सिरिंज असतात, त्या शिरेच्या लाइनला बसतच नाहीत; जिथे मिळतील तिथे त्यांचाच आग्रह धरायचा.

बटणातून औषध देताना प्रत्येकानंतर पाणी, दोन औषधं एकत्र कधीच नाही, फीडमध्ये मिसळून नाही. फेनिटॉइन हे आकडीचं औषध फीडसोबत नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींत अंतर ठेवतात, आणि ते अंतर वेळापत्रकात दिसायला हवं. आवरण असलेल्या गोळ्या कुटायच्या नाहीत. केटोजेनिक आहारावरच्या मुलाचं प्रत्येक सिरप साखरेसाठी तपासायचं, साधं तापाचंसुद्धा. आणि बॅक्लोफेन (स्नायूंची ताठरता कमी करणारं औषध) अचानक बंद झालं तर ताप, तीव्र ताठरता आणि आकड्या येऊ शकतात. म्हणून उलट्यांमुळे डोस टिकत नसतील तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता फोन, ही ओळ ठळक अक्षरांत.

बटणाला जठरात धरून ठेवणाऱ्या फुग्यातलं पाणी आठवड्यातून एकदा मोजायचं. पाच मिलिलिटर घातलं आणि तीनच परत आलं तर फुगा गळतो आहे, नवं बटण मागवायचं. फुग्यात पाणीच भरायचं. सलाइनचे खडे होऊन झडप बिघडू शकते. बटण निघून आलं तर छिद्र काही तासांतच आक्रसू लागतं. म्हणून आपत्कालीन बॅगेत त्याच मापाचा किंवा एक माप लहान फोली कॅथेटर (एरवी लघवीसाठी वापरतात ती फुग्याची नळी) हवा, वाट मोकळी ठेवण्यापुरता. शस्त्रक्रियेला दोन महिने झाले नसतील तर मात्र घरी काहीच घालायचं नाही, तडक रुग्णालय, कारण वाट पक्की झालेली नसते आणि नळी पोटाच्या पोकळीत जाऊ शकते. पावडरपासून कालवलेलं फीड पंपाच्या पिशवीत चार तासांपेक्षा जास्त लटकवायचं नाही. रात्रभराच्या फीडला हाच नियम अडचणीचा ठरतो, तेव्हा तयार निर्जंतुक फीड देता येईल का हे आहारतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवावं.

बॅग, वीज आणि दोन रात्री

आपत्कालीन बॅगेत तीच नळी, अर्धा माप लहान नळी, फिती, बोथट टोकाची कात्री, वंगण, सक्शन कॅथेटर, विजेशिवाय चालणारं हाताचं सक्शन, अॅम्बू बॅग आणि मुलाच्या चेहऱ्याला बसणारा मास्क, एचएमई, फोली, सिरिंज. बॅग चुकते ती वापरानंतर पुन्हा न भरल्यामुळे. दुसरी चूक जास्त फसवी आहे: मूल वाढतं, नळीचं माप वाढतं, आणि बॅगेत जुन्या मापाचीच नळी राहते. म्हणून माप बदललं की खोली सोडण्यापूर्वी बॅग उघडायची.

व्हेंटिलेटर आणि सक्शन मशीनची बॅटरी किती तास चालते हे पुस्तिकेत वाचून थांबायचं नाही. प्लग काढून, घड्याळ लावून, अलार्म वाजेपर्यंत चालवून बघायचं, आणि निघालेला आकडा मशीनवर चिकटवायचा. वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीला घरात जीवरक्षक यंत्र असल्याचं पत्र डॉक्टरांच्या सहीने आधीच द्यायचं.

शेवटी रुग्णालयातच २४ ते ४८ तास आईवडिलांनी एकट्याने सगळं सांभाळायचं, घरचीच मशीन, घरचीच बॅग, घरचंच वेळापत्रक. आम्ही दाराबाहेर. जीव धोक्यात आला तरच आत जायचं, हे आमच्यासाठी कठीण असतं, पण त्याशिवाय खरी अडचण दिसत नाही. अलार्मने जाग येत नाही, सक्शन मशीन खाटेच्या चुकीच्या बाजूला आहे, पंपाची तार पोचत नाही, पहाटेचा डोस कोण देणार हे ठरलेलंच नाही: हे सगळं त्या दोन रात्रींत समोर येतं. त्यात चूक झाली तर तारीख पुढे ढकलायची. खाट हवी आहे म्हणून दबाव येतो. अशा वेळी "त्यांना अजून जमत नाही" एवढं सांगून भागत नाही. "चारपैकी दोन अलार्मना तीन मिनिटांत प्रतिसाद मिळाला नाही, आणखी दोन रात्री आणि कंप पावणारा अलार्म हवा" असं म्हटलं की निर्णय बदलतो.

आई म्हणते "आज वेगळा वाटतोय"

हे वाक्य फोनवर डॉक्टरांपर्यंत जसंच्या तसं पोचवलं तर "लक्ष ठेवा" असं उत्तर मिळतं. त्यात बऱ्या दिवसाचे आकडे घातले की उत्तर वेगळं येतं. सांगायची पद्धत चार पायऱ्यांची: आता काय होतंय, मागचं काय, माझा अंदाज काय, मला काय हवंय. "डॉक्टर, ट्रॅकिऑस्टॉमीवरचा मुलगा, चार तासांत सक्शन दोनवरून नऊ वेळा, झोपेतले ठोके ९५ वरून १३२, नेहमी ऑक्सिजन लागत नाही, आता एक लिटर. आई सांगते मागच्या न्यूमोनियाची सुरुवात अशीच होती. मला छातीत संसर्ग वाटतो. अर्ध्या तासात येऊन बघा, तोवर एक्स-रे सांगू का?" शेवटची मागणी राहून जाते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. नोंदीत "डॉक्टरांना कळवलं" एवढं पुरत नाही. किती वाजता, कुणाला, काय उत्तर आलं, पुन्हा कधी तपासलं. ठरलेल्या वेळेत कुणी आलं नाही तर वरच्या डॉक्टरांना फोन, आणि आईला सांगून: "मी वर कळवते आहे."

पालकांना स्वतःहून दुसरं मत मागता यावं यासाठी दोन ठिकाणी नियमच झाले, आणि दोन्हींमागे एकेका मुलाचा मृत्यू आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २००७ साली तीन वर्षंही पूर्ण न झालेला रायन सॉन्डर्स गेला. त्याची प्रकृती ढासळते आहे हे आईवडील सांगत होते. २०१३ पासून तिथे रायन्स रूल आहे. इंग्लंडमध्ये २०२१ साली १३ वर्षांची मार्था मिल्स सेप्सिसने (संसर्गामुळे अवयव निकामी करणाऱ्या आजाराने) गेली, आणि २०२४ पासून तिथल्या रुग्णालयांत मार्थाज् रूल टप्प्याटप्प्याने येऊ लागला. जिथे असा नियम नाही तिथेही दाखल होतानाच कुटुंबाला सांगता येतं: माझं उत्तर पटलं नाही तर इन्चार्ज सिस्टर, मग वरिष्ठ डॉक्टर, मग रुग्णालयाचे प्रमुख, आणि हे त्यांचे नंबर. राऊंडच्या वेळी पालकांना बाहेर काढण्याची पद्धत असेल तर तीही बदलायला लावतो. नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये १९८८ साली तयार झालेल्या रुग्णालयातील मुलांच्या सनदेत आईवडिलांना सर्व वेळ सोबत राहू द्यावं असं स्पष्ट म्हटलं आहे.

मुलासोबत जाणारा एक कागद

डिस्चार्ज समरी वीस पानांची असते. रात्री दोन वाजता अनोळखी अपघात विभागात ती कुणी वाचत नाही. अमेरिकेतल्या बालरोग आणि आपत्कालीन डॉक्टरांच्या संघटनांनी १९९९ मध्ये अशा मुलांसाठी आपत्कालीन माहितीचा एक नमुना काढला. आमचा कागद त्याच धर्तीचा, एकाच पानाचा: वजन आणि ते घेतल्याची तारीख, बऱ्या दिवसाचे आकडे, नळीचं माप, वरचा मार्ग मोकळा की बंद, बटणाचं माप, आकडी थांबवायची पहिली मात्रा, अॅलर्जी. मणक्याच्या जन्मजात दोषाच्या मुलांना लॅटेक्सची अॅलर्जी असण्याचा धोका जास्त, ते वरच्या ओळीत. आणि "हे करू नका" असा वेगळा चौकोन. अत्यवस्थ झाल्यास काय करायचं आणि काय नको, यावर कुटुंबाचं आणि डॉक्टरांचं बोलणं झालं असेल तर तेही इथेच, डॉक्टरांच्या सहीने. ते बोलणं व्हावं म्हणून वेळ मागणं, शांत खोली मिळवणं, आईवडिलांना प्रश्न आधी लिहून आणायला सांगणं हाही पाठपुराव्याचाच भाग आहे.

घरी गेल्यावर पहिला फोन ४८ ते ७२ तासांत आमच्याकडून जातो. "कसं आहे?" याचं उत्तर "ठीक" येतं, म्हणून तीन नेमके प्रश्न. काल रात्री कोण जागं होतं? सक्शन किती वेळा झालं? कुठलं औषध मिळालं नाही? तिसऱ्या प्रश्नावर हमखास काहीतरी निघतं, कारण वॉर्डाच्या फार्मसीत बनवून मिळणारं सिरप बाहेर मिळत नाही. आता आम्ही दोन आठवड्यांचा साठा हातात पडल्याशिवाय आणि पुढचं कुठून मिळणार हे कळल्याशिवाय निघू देत नाही.

पुढच्या प्रत्येक भेटीत आधी वजन. वजन वाढलं की मात्रा वाढतात, मात्रा वाढल्या की कागद नवा. मग आम्ही एकेक जागा विचारतो: बॅगेतला जुना काढला का, खाटेच्या डोक्याशी लावलेला, शाळेत दिलेला, आजीकडे ठेवलेला? जुना कागद परत आणून आमच्यासमोर फाडला की मगच नवा हातात देतो.